मृतांच्या वहीचं कातडं

मी एका कातड्याचा तुकडा आहे आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे. गोड बोलणार नाही. साडेतीनशे वर्षं ज्याचं तोंड फळीला चिकटवून ठेवलं होतं, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा कुणी करू नये.

जन्मानं मी करडू. चुन्याच्या निवळीत बुडवलं, सुरीनं खरवडलं, चौकटीवर ताणून वाळवलं, तेव्हा कुठे मी मेनाहेम नावाच्या लेखनिकाच्या मेजावर आलो. हा यहुदी माणूस मोशेच्या पाच ग्रंथांची गुंडाळी लिहीत होता. मजकुरात देवाचं नाव आलं की तो टाक थांबवायचा, एक श्वास घ्यायचा, मोठ्यानं म्हणायचा, “हे नाव मी पवित्र म्हणून लिहितो आहे,” आणि मगच लिहायचा. हे नाव चुकलं तर खोडता येत नाही. अख्खं पान बाद होतं, आणि बाद पान फेकायचं नसतं. माणसासारखं ते मातीत पुरायचं असतं.

आतून बायको ओरडायची, “झालं का रे नाव लिहून? मसूर गार झाली!”

“झालं म्हणतो तोच पुढच्या ओळीत पुन्हा येतं,” मेनाहेम म्हणायचा.

माझ्या वाट्याला तिसऱ्या ग्रंथातले दोन रकाने आले. उजव्या रकान्यात लिहिलं होतं: शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला राहू द्या. बहिऱ्याला शिवी देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत दगड ठेवू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा. तुमच्यात परका येऊन राहिला तर त्याच्यावरही तसंच प्रेम करा, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होता. डाव्या रकान्यात लिहिलं होतं: अमक्यानं हे केलं तर त्याला दगडांनी मारा, तमक्यानं ते केलं तर जाळा.

दोन्हींची शाई एक, हात एक, कातडं एक. डावा रकाना लिहिताना मेनाहेमनं तोंड वाकडं केलं नाही आणि उजवा लिहिताना तो गुणगुणला नाही.

पुढे शंभरेक वर्षं मला वाचलं गेलं. उजवा रकाना आला की लोक माना डोलवायचे. डावा आला की भांडायचे. साक्षीदार किती हवेत, त्यांनी आधी ताकीद दिली होती का, ज्याला ताकीद दिली त्याला ती कळली होती का! एका म्हाताऱ्यानं एकदा टेबलावर मूठ आपटली होती, “इतक्या अटी घातल्यात तुम्ही, की दगड उचलणाऱ्याचा हात म्हातारा होईल!” दुसरा म्हणाला, “मग त्यासाठीच तर घातल्यात, गाढवा.” मला ते भांडण आवडायचं. देवाचा राग अंगावर घ्यायचा तर असा, बाह्या सरसावून.

मग एका सकाळी, चर्चच्या हुकमानं यहुद्यांची पुस्तकं उचलायला, शिपाई आले. गुंडाळी जप्त झाली. आम्हाला वजनावर विकलं.

पिएवेरोसा नावाच्या गावात, इटलीतल्या पो नदीच्या मैदानात, तिबुर्त्सियो नावाचा पुस्तकबांधणीवाला होता. त्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, “एका बाजूलाच लिहितात हे लोक! दुसरी बाजू कोरी. याहून चांगलं कव्हर मिळायचं नाही.” त्यानं कात्री चालवली. ओळी कुठे तुटतात हे पाहिलंसुद्धा नाही. कोरी बाजू बाहेर ठेवली, लिहिलेल्या बाजूला सरस फासला आणि दोन लाकडी फळ्यांवर मला चिकटवून टाकलं. डावा रकाना पुढच्या फळीवर, उजवा मागच्या. शिक्षा झालेल्या पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करतात ना, तसं.

आत पानं बांधली मृतांच्या नावांची. गावात एक धर्ममंडळी होती. मेलेल्याला न्हाऊ घालणं, खांदा देणं, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणणं हे तिचं काम. मंडळीतल्या सभासदांची आणि त्यांच्या नवऱ्या-बायकांची नावं, जशी मरतील तशी, या वहीत लिहायची. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, पाद्री वर्षभरातली नावं मोठ्यानं वाचायचा आणि प्रत्येक नावामागे घंटेचा एक टोला पडायचा. वर्षाला चार-पाच नावं. वही जाड. म्हणून साडेतीनशे वर्षांतही ती भरली नाही.

माणसं कशी ऐकतात ते मी पाहिलंय. इतरांच्या नावांना खोकतात, चपला सरकवतात. आपल्या माणसाचं नाव जवळ आलं की पाठ ताठ होते. नाव नीट उच्चारलं की खांदे खाली येतात. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक धुक्यातून दोन-दोन कोस चालत यायचे. या बाबतीत मला माणसांचा कधी राग आला नाही.

राग आला तो प्रवचनांचा. किती पाद्री आले आणि गेले, पण एक प्रवचन कधी गेलं नाही. जुन्या ग्रंथातला देव कोपिष्ट, सूड घेणारा. नव्या ग्रंथातला देव बाप, प्रेमळ, क्षमाशील. यहुद्यांकडे तो जुना, आपल्याकडे हा नवा. आणि हे सांगताना त्यांचा तळहात माझ्या पाठीवर! ज्या तळहाताखाली ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ चिणून ठेवलंय, तोच हात आपटून सांगायचे की प्रेमाचा शोध आम्ही लावला. त्यांच्या नव्या ग्रंथातलंही मी साडेतीनशे वर्षं ऐकलंय. त्यात कधीच न विझणारा अग्नी आहे. बाहेरचा अंधार आणि दातखाणं आहे. नवरा-बायकोनं जमिनीच्या पैशांबद्दल खोटं सांगितलं म्हणून दोघं जागच्या जागी मरून पडल्याची गोष्ट आहे. ती पानं भरभर वाचली जायची, घसा बसल्यासारखी. जुना देव आणि नवा देव वेगळे म्हणणाऱ्या एका माणसाला याच लोकांच्या पूर्वजांनी अठराशे वर्षांपूर्वी धर्माबाहेर काढलं होतं. त्याला काढलं आणि त्याचं म्हणणं ठेवून घेतलं.

आता १९५४ सालाकडे येतो.

तेव्हाचे पाद्री फादर एजिदिओ. पन्नाशीचे, कष्टाळू, स्वतःच्या हातानं सरपण फोडणारे. मुलांच्या धर्मवर्गात ते फळ्यावर मधोमध रेघ मारायचे. एका बाजूला ‘भीती’, दुसऱ्या बाजूला ‘प्रेम’. त्यांच्या मनात काळं नव्हतं. मनात काळं असलेल्या माणसाशी भांडता येतं. ज्याचं मन स्वच्छ आहे आणि डोक्यात रेघ आहे, त्याच्यापुढे हात टेकायला होतं.

त्या मार्चमध्ये गावातला एकुलता एक यहुदी, दोनातो, वारला. डुकरांच्या मुलखात, डुक्कर वर्ज्य असलेला हा माणूस हंस पाळायचा आणि हंसाच्या मांसाची सलामी, म्हणजे मसाला घालून वाळवलेली वळकटी, बनवायचा. चर्चचा सेवेकरी नेल्लो त्याला रोज चिडवायचा, “हंसवाल्या, एकदा खरं मांस खाऊन बघ, तुझा देव काही बघत नाही.” दोनातो म्हणायचा, “देव नाही बघत रे, पण हंस बघतात ना.” आणि चोरून एक सलामी नेल्लोच्या खिशात सरकवायचा. महायुद्धात यहुद्यांची धरपकड चालू होती तेव्हा वीस महिने तो एका गवताच्या माळ्यावर लपला होता. निम्म्या गावाला ठाऊक होतं, कुणी तोंड उघडलं नाही.

त्याची बायको आर्जिया ख्रिस्ती, मंडळीची सभासद. गावात कुणी मेलं की न्हाऊ घालायला तिलाच बोलवायचे. दोनातोला शहरातल्या यहुदी दफनभूमीत पुरलं होतं. तिथे आर्जियाला जागा मिळणार नव्हती आणि इथल्या दफनभूमीत दोनातोला. मेल्यावर दोघं चाळीस किलोमीटरवर पडणार, हे तिनं गिळलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. नोव्हेंबरात त्याचं नाव वाचलं जावं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती चर्चमागच्या खोलीत आली. मी मेजावर होतो.

“सभासदाच्या नवऱ्याचं नाव वाचतात, फादर. नियमच आहे तसा.”

“बाप्तिस्मा झालेल्या नवऱ्याचं, आर्जिया. तुम्हाला हे माहीत आहे.”

“नियमात बाप्तिस्मा लिहिलेला नाही. मी वाचून घेतलंय नेल्लोकडून.”

“लिहायची गरज पडली नव्हती म्हणून.” फादरनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, दोनातो सज्जन होता, मीही मानतो. पण आपण ज्या बापाला हाक मारतो त्याला तो हाक मारत नव्हता. त्यांचा देव दगड मारायला सांगतो, आपला देव क्षमा करायला सांगतो.”

“मग सांगा ना त्याला, दोनातोला क्षमा करायला.”

“आर्जिया...”

“सव्वीस वर्षं मी तुमच्या लोकांचे मेलेले पाय धुतलेत. नखं कापलीत. तोंडं मिटवलीत. दोनातो कंदील धरून दारात उभा असायचा, थंडीत. कधी कुणाला दगड मारला त्यानं? दगड त्याला पडले, ते तुमच्या त्या रेघेच्या वर्गात शिकलेल्यांकडून.”

“मी कुणाला दगड मारायला शिकवत नाही!”

“नाही. तुम्ही फक्त कुणाचा देव कुठला ते शिकवता. पुढचं पोरं आपापलं शिकतात.”

ती गेली. मला ओरडावंसं वाटत होतं. पण सरसाला जीभ चिकटलेली.

त्या महिन्यात पाऊस आणि धुकं हटलंच नाही. ओलीनं पुढच्या फळीवरचा सरस मऊ पडला आणि माझा कोपरा उचकटला. नेल्लो खळीचं भांडं घेऊन डागडुजीला बसला, कोपरा जरा ओढला आणि किंचाळला, “आई गं! यात मंतर लिहिलेत!”

फादर धावत आले. आर्जिया झाडायला आलेली होती, तीही डोकावली.

“मंतर नाहीत ते,” ती म्हणाली. “दोनातोच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असलीच अक्षरं आहेत.”

तिसऱ्या दिवशी तिनं शहरातून दोनातोच्या बहिणीला आणलं. एल्दा, निवृत्त शाळामास्तरीण, काठी टेकत, पण आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत. तिनं माझा उचकटलेला भाग बोट न लावता वाचला. कितीतरी शतकांनी मला कुणी वाचत होतं. काय वाचत होतं? डावा रकाना. दगड.

“काय लिहिलंय?” नेल्लोनं विचारलं.

एल्दानं एकही शब्द न गाळता सांगितलं. फादर एजिदिओ हळू आवाजात म्हणाले, “बघा. मी खोटं सांगत नव्हतो.” त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मान्य करतो. पण तेवढ्यानं माझा जळफळाट कमी होत नाही.

“खोटं नाही, अर्धं,” एल्दा म्हणाली. “हा तिसऱ्या ग्रंथाचा विसावा अध्याय. कातडं अखंड आहे, म्हणजे एकोणिसावा मागच्या फळीखाली असणार. उघडा ती बाजू.”

“वही मोडेल.”

“बरं. मग ऐका. मला पाठ आहे.” आणि काठी दोन्ही हातांत धरून तिनं अख्खा उजवा रकाना म्हटला. आधी मूळ भाषेत, मग त्यांच्या. शेताची कड. आंधळ्याची वाट. शेजारी. परका.

“शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, हे आमच्या प्रभूचं वचन आहे,” फादर म्हणाले.

“त्याला कुणीतरी विचारलं की सगळ्यात मोठी आज्ञा कुठली, तेव्हा त्यानं हे सांगितलं. पाठ होतं त्याला. लहानपणी आमच्याच शाळेत शिकला ना तो.”

नेल्लो खुदकन हसला आणि घाईनं क्रुसाची खूण केली.

“आणि दगड?” फादरनी माझ्या कोपऱ्याकडे बोट केलं. “ते कुठे ठेवता तुम्ही?”

एल्दा खुर्चीवर बसली. “मला माहीत नाही. वडील म्हणायचे, ते वाचायचं, गाळायचं नाही, आणि आपल्या हातून कधी होऊ द्यायचं नाही. मला त्या ओळींची लाज वाटते, फादर. तुम्हाला तुमच्या कायमच्या अग्नीची वाटते का?”

फादरनी माझा उचकटलेला कोपरा बोटानं पुन्हा फळीवर दाबला.

“तुम्ही आमचं सगळ्यात वाईट पान आणि तुमचं सगळ्यात चांगलं पान शेजारी ठेवता आणि म्हणता, बघा, दोन देव. आम्हीही तेच करतो घरी, दारं लावून. तुमचं आगीचं पान, आमचं प्रेमाचं. हे दोन्ही ज्याच्यात आहे असा एकच कुणी असेल, तर त्याच्यापुढे उभं राहायची भीती वाटते. दोन करून टाकले की सोपं जातं. एक पुजायला आणि एक दुसऱ्याच्या गळ्यात मारायला.” ती उठली. “हे कातडं मला द्या. ते पुरायला हवं.”

“आणि दोनातोचं नाव?” आर्जिया म्हणाली. तिला देवांच्या संख्येशी कर्तव्य नव्हतं.

फादरनी शहरातल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं: कातडं सोडवून संग्रहालयात पाठवावं, वही चर्चमध्ये राहावी. नावाबद्दल एक अक्षर नाही.

एल्दानं जाताना बजावलं होतं, “पाणी लावू नका. जाणकाराकडे द्या.” पण नेल्लोनं आयुष्यात एकाच प्रकारचं कातडं सोडवलेलं होतं. डुक्कर मारलं की गरम पाण्याची फडकी टाकायची, केस आपोआप सुटतात. “तसंच असणार, फादर. कातडं ते कातडं.” नोव्हेंबरच्या एक तारखेला, दुपारच्या प्रार्थनेनंतर, त्यानं माझ्यावर वाफाळती फडकी टाकली.

डुकरासारखं सोलवटलं मला! मी आक्रसलो, कडा मुडपल्या. पुढची बाजू ओलीनं आधीच सैल होती, ती अक्षरांसकट सुटली. पण वही नेहमी पाठीवर झोपायची. साडेतीनशे वर्षांचं ओझं मागच्या फळीवर होतं, आणि तिथे मी घट्ट बसलो होतो. नेल्लोनं ओढलं. मी निघालो, शाई राहिली. उजवा रकाना अख्खाच्या अख्खा फळीवर, उलटा उमटलेला. माझ्याकडे त्या जागी नुसता पिवळा डाग.

माझ्याजवळ दगड उरले. प्रेम वहीकडे राहिलं. जे कुणाला शास्त्रार्थ करून जमलं नव्हतं ते एका फडक्यानं करून दाखवलं.

नेल्लो घाबरून घरी पळाला. फादर एकटेच त्या फळीकडे बघत राहिले. मग त्यांनी दाढीचा छोटा आरसा आणला, फळीसमोर तिरका धरला आणि पाद्री होण्याच्या शाळेत कधीकाळी शिकलेली हिब्रू बोट ठेवून, अडखळत वाचू लागले. एका ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. मग पुढच्या ओळींकडे गेले, परक्याच्या. आरशाचा हात खाली आला तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “पाठ होतं त्याला.”

दुसऱ्या दिवशी मी मेजावर वाळत पडलो होतो आणि दार उघडं होतं. त्यांनी बिनकव्हरची वही उघडली. चार नावं वाचली, चार टोले पडले. आर्जियानं समोरच्या बाकाची कड धरली होती.

“दोनातो,” फादर म्हणाले. “आर्जियाचा नवरा.”

तीन बाकं रिकामी झाली. कुणीतरी जाता जाता थुंकलं. वर घंटेच्या दोरीजवळ नेल्लो होता. टोला पडला, इतरांना पडला तेवढाच.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण फादरनी नाव वाचलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं. लिहायला धजले नाहीत. वसंतात त्यांची डोंगराकडच्या गावात बदली झाली. नवे पाद्री आले. वहीत नाही ते वाचायचं कसं, म्हणाले. त्यानंतर एकवीस वर्षं आर्जिया यादी संपली की उभी राहायची, स्वतःच ते नाव घ्यायची आणि बसायची. मग ती वारली. तिचं नाव वाचलं, टोला पडला. त्याचं नाव घ्यायला कुणी उभं राहिलं नाही.

हे मला एल्दानं सांगितलं. ती शेवटपर्यंत संग्रहालयात यायची, मला पुरू द्या म्हणून अर्ज करायची, आणि नकार घेऊन माझ्या काचेपुढे बसायची.

मी अजून काचेखाली आहे. कार्डावर लिहिलंय: हिब्रू कातड्याचा तुकडा, शिक्षांचा मजकूर. दुसरा रकाना नष्ट. शाळांच्या सहली येतात. बाई सांगतात, “बघा मुलांनो, पूर्वी देवाची कल्पना किती कठोर होती!” मुलं माना हलवतात. आणि नष्ट काहीही झालेलं नाही! ते चाळीस किलोमीटरवर एका कपाटात आहे, नव्या कापडाखाली झाकलेल्या फळीवर.

मला पुरा, एवढंच मागणं आहे. तोवर एक काम करा. बसनं पिएवेरोसाला जा. मृतांची वही मागा. देत नसतील तर भांडा. मागच्या फळीवरचं कापड उचला, आरसा धरा आणि वाचा. माझ्याकडे जे उरलंय तेही वाचा, गाळू नका. आणि वाचून झालं की दोनातोचं नाव मोठ्यानं घ्या. टोला नसला तरी चालेल.